पुरानंतर प्रशासनाने बंद केलेला पूल किंवा वस्ती पुन्हा खुली करण्याचा कायदा कोणता?

‘पुन्हा खुले करणे’ या नावाचं वेगळं कलम नाही, लोक उगाच शोधत बसतात. बंद करण्याचा अधिकार आहे, त्याच अधिकारात उघडणंही येतं.

आपत्ती व्यवस्थापन कायदा, 2005, कलम 34: बाधित भागात माणसांची ये-जा आणि वाहतूक जिल्हा प्राधिकरण रोखू शकतं. त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. म्हणून तलाठ्याशी भांडून उपयोग नाही, त्याच्या हातात काही नसतं.

आधी तहसीलमधून आदेशाची प्रत घ्या आणि वर कलम कोणतं लिहिलंय ते बघा. सगळी मेख तिथेच आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 163 (जुनं 144) असेल तर आदेश दोन महिनेच चालतो. शासनाने वाढवला तरी आणखी सहा महिन्यांच्या वर नाही. शिवाय बाधित माणूस तो रद्द करा म्हणून अर्ज करू शकतो. म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते, आणि अर्ज फेटाळला तर कारणं लेखी. 2005 च्या कायद्यात अशी ठरलेली मुदत नाही, तिथे पाठपुरावाच.

सप्टेंबर 2025 च्या पुरानंतर आमच्याकडे (धाराशिव जिल्हा) पुलाच्या कठड्याला कडबा अडकलेला, वरून डांबर शाबूत, खालचा भराव मात्र वाहून गेलेला. पोरं बॅरिकेड सरकवून मोटारसायकली काढायची. तसं करू नका. 2005 च्या कायद्याच्या कलम 51 खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही.