गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास का येतो?

हेफेवायझन (जर्मन पद्धतीची गव्हाची बिअर) प्यायल्यावर केळ्याचा वास आला, इसेन्स घालतात का आणि मुळात बिअर बनते कशी, असं तुम्ही विचारलंय. मी एका मायक्रोब्रुअरीत काम करतो, टेबलावरून हा प्रश्न सारखा येतो. इसेन्स नाही आणि केळंही नाही. तो वास यीस्टचा.

आधी धान्य. बार्ली आणि गहू भिजवून, मोड आणून वाळवतात, ते माल्ट. आम्ही ते तयारच विकत घेतो. भरडून साधारण ६५ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवलं की मोड येताना तयार झालेली एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. हेफेवायझनमध्ये निम्मा किंवा जास्त माल्ट गव्हाचा. गव्हाला टरफल नसतं, त्यामुळे नुसता गहू घेतला तर त्याची खळ होते आणि काही केल्या गळत नाही. बार्लीची टरफलं तळाशी बसून गाळणीचं काम करतात. उरलेला चोथा गुरांना जातो.

गाळलेलं गोड पाणी म्हणजे वर्ट. ते तासभर उकळायचं, त्यात हॉप्स, म्हणजे कडवटपणा देणारी एका वेलीची फुलं, घालायचे. या बिअरला अगदी थोडे पुरतात, म्हणून ती कडू लागत नाही. मग झटपट गार करून यीस्ट सोडायचं. इथून पुढे आमच्या हातात फक्त तापमान!

यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड सोडतं, हे सगळ्याच बिअरमध्ये होतं. पण जर्मनीच्या बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरचं यीस्ट सोबत आयसोअमाइल अ‍ॅसिटेटही बनवतं. पिकलेल्या केळ्याच्या वासात हाच रेणू असतो. फर्मेंटर, म्हणजे बिअर आंबवायची टाकी, २२ अंशांच्या वर गेला की केळं जोर करतं. १७-१८ ला ठेवला तर त्याच यीस्टमधून लवंगेचा वास पुढे येतो. तो वेगळ्या रेणूचा. मला स्वतःला लवंगेकडे झुकलेली आवडते, गिऱ्हाइकांना केळं. त्यामुळे आम्ही २० च्या आसपास ठेवतो. लागर ही दुसऱ्या प्रकारची बिअर मात्र १० अंशांच्या आसपास, वेगळ्या यीस्टने संथ आंबवतात, म्हणून तिला असला फळांचा वास फारसा नसतो.

आणि ग्लास गढूळ दिसला म्हणून परत पाठवू नका. हेफेवायझन मुद्दामच फिल्टर करत नाहीत. तो गढूळपणा गव्हातल्या प्रथिनांचा आणि तरंगत राहिलेल्या यीस्टचा.