कन्सॉलिडेशन टेस्टला ‘संघनन चाचणी’ म्हणावं का? आणि माती बसते की खचते?

प्रश्न असा आलाय की माती परीक्षणाचा रिपोर्ट मराठीत करायचाय, तर ‘कन्सॉलिडेशन टेस्ट’ला संघनन चाचणी चालेल का आणि ‘सेटलमेंट’ला खचणे लिहिलं तर बरोबर का. माझं मत विचाराल तर दोन्ही नकोत.

संघनन म्हटलं की शाळेत शिकलेलं वाफेचं पाणी होणं आठवतं, ही एक अडचण, पण त्याहून मोठी अडचण म्हणजे काही जण हाच शब्द कॉम्पॅक्शनलाही वापरतात आणि मग दोन अगदी वेगळ्या गोष्टी एका नावाखाली जातात. कॉम्पॅक्शन म्हणजे रोलर फिरवून नाहीतर धुम्मस मारून भराव घट्ट करणं, त्यात कणांमधली हवा निघून जाते आणि काम तिथल्या तिथे होतं. त्याला दबाई आहे, धुम्मस करणं आहे, साइटवरच्या लोकांचे शब्द आहेत, तेच वापरा ना! कन्सॉलिडेशनमध्ये माती पाण्याने पूर्ण भरलेली असते, वरून कायमचं वजन आलं की सुरुवातीला ते सगळं पाण्यावरच येतं, मग पाणी जसं झिरपून निघतं तसं वजन कणांवर उतरतं आणि थर आकसत जातो. चक्का करताना दह्याच्या फडक्यावर वजन ठेवतो ना, तसंच, फक्त चिकणमातीत पाण्याला वाट इतकी बारीक असते की वर्षं जातात.

हे लॅबमध्ये मोजतात ते ईडोमीटर नावाच्या उपकरणावर. मृदा यांत्रिकीचा जनक मानला जाणारा इंजिनिअर कार्ल तेर्झागी इस्तंबूलला शिकवत असताना त्याने चिकणमातीवर असे प्रयोग केले आणि 1925 च्या पुस्तकात त्याचं गणित मांडलं. आपल्याकडे त्यासाठी आयएस 2720 या भारतीय मानकाचा भाग 15 आहे. साधारण 60 मिमी व्यासाच्या, 20 मिमी उंचीच्या रिंगमध्ये मातीचा नमुना, वर खाली सच्छिद्र दगड, भोवती पाणी, आणि तरफेने वजन द्यायचं, 50, 100, 200, 400 किलोपास्कल असं दुप्पट करत, प्रत्येक वजन साधारण 24 तास ठेवून. नमुना किती आकसला ते दाखवणाऱ्या डायल गेजचं रीडिंग पाव मिनिट, 1, सव्वादोन, 4, सव्वासहा मिनिटांनी घेतात, हे आकडे विचित्र वाटतात पण त्यांची वर्गमुळं अर्धा, एक, दीड, दोन, अडीच अशी सरळ येतात आणि आलेख त्याच मुळावर काढायचा असतो.

आता वेळेचं बघा, कारण शब्द निवडताना हेच डोक्यात हवं. लागणारा वेळ पाण्याच्या बाहेर पडायच्या वाटेच्या लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. नमुन्यात पाणी वर खाली दोन्हीकडून जातं म्हणजे वाट 10 मिमी, आणि समजा अर्ध्या तासात बहुतेक बसणं झालं. तीच माती जमिनीत 10 मीटर जाडीची असेल आणि तिथेही पाणी दोन्हीकडून जात असेल तर वाट 5 मीटर, म्हणजे 500 पट, वेळ अडीच लाख पट, म्हणजे साधारण 14 वर्षं! म्हणून तर नवी मुंबईच्या खाडीकाठच्या गाळात उभे ड्रेन घालून पाण्याची वाट छोटी करतात.

तर कन्सॉलिडेशनला मी दृढीकरण घेईन, कारण पाणी जाऊन माती खरंच दृढ होते, तिची ताकद वाढते. एकत्रीकरण मात्र नको, जमिनीच्या बाबतीत तो शब्द 1947 च्या तुकडेबंदी कायद्याने आधीच घेतलाय आणि वाचणारा थेट सातबाऱ्याकडे जाईल.

सेटलमेंटला बसणं. गाळ बसतो, भराव बसतो, घर बसतं, यात हळू आणि अपेक्षित असा अर्थ आहे. खचणे म्हणजे आधार सुटून खाली जाणं, दरड, विहिरीचा काठ, रस्त्याचा कडेचा भाग, त्यात नुकसान गृहीत धरलेलं असतं. डिझाइनमध्ये धरलेले 25 मिमी बसले आणि रिपोर्टात ‘इमारत खचली’ लिहिलं तर मालक घाबरेल, आणि चुकीच्या शब्दामुळे घाबरेल. डिफरन्शियल सेटलमेंटला ‘असमान बसणं’ लिहा, भिंतींना तडे बहुतेक त्यानेच जातात, सगळी इमारत सारखी बसली तर तेवढा त्रास नसतो.

रिपोर्ट काळ्या मातीचा असेल तर अजून एक शब्द लागेल, फुगणं. ईडोमीटर हे नावच ग्रीकमधल्या सूज येण्याच्या शब्दावरून आलंय, आणि आपली काळी माती त्याच रिंगमध्ये पाणी प्यायली की वर उचलते, तेव्हा तिला दाबून ठेवायला किती दाब लागतो तेही तिथेच मोजतात, त्याला फुगवटा दाब लिहा.