क्लोझापिन नेमकं कोणाला देतात? नातेवाईक म्हणतात तितकं ते धोकादायक आहे का?

दोन औषधांनी गुण आला नाही म्हणून तुमच्या बहिणीला क्लोझापिन सुचवलंय, आणि घरचे घाबरवताहेत. ते आहेच अशा रुग्णांसाठी. स्किझोफ्रेनियावरची, म्हणजे भास आणि संशयाच्या मानसिक आजारावरची, दोन औषधं पुरेशा डोसमध्ये, प्रत्येकी सहा-सहा आठवडे घेऊनही भासाचे आवाज थांबत नसतील, तर आणखी कशाची वाट बघायची?

आम्ही चार वर्षं बघितली. धाकट्या भावाच्या गोळ्या बदलत राहिलो, कारण आमचे काका. "दर आठवड्याला रक्त काढावं लागतं, म्हणजे विषच ते." घरात त्यांच्यापुढे कोणी बोलायचं नाही. काही थोड्या लोकांत या औषधाने रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी एकदम घसरतात. १९७५ साली फिनलंडमध्ये त्यातून माणसं दगावली, म्हणूनच रक्त तपासायची पद्धत आली. पहिल्या काही महिन्यांत धोका सर्वांत जास्त. पेशी घसरताहेत हे वेळेत कळावं म्हणून ती सुई, हे मी काकांना किती वेळा सांगितलं असेल!

शेवटी सुरू केलं. तिसऱ्या महिन्यात भावाने खिडकीला चिकटवलेले कागद स्वतःच्या हाताने काढले. मी दाराआड उभी राहून रडले.

मग मी चार दिवस बाहेर गेले आणि काकांनी "शरीराला जरा विश्रांती" म्हणून तीन दिवस गोळ्या बंद ठेवल्या. चौथ्या दिवशी आईने घाबरून नेहमीचा ३०० मिलिग्रॅमचा डोस दिला. तो न्हाणीच्या दारात कोसळला, रक्तदाब पार खाली. ४८ तासांहून जास्त खंड पडला तर डॉक्टरांना विचारून पुन्हा १२.५ मिलिग्रॅमपासून चढावं लागतं. आईला हे माहीत नव्हतं. काकांना विचारायचंच नव्हतं. काका आजही म्हणतात, गोळ्यांनी पोरगा जाड झाला. झालाय. पण तो आता आमच्याशी बोलतो.

पूर्वी याच औषधाने पेशी घटल्या असतील, हृदयाच्या स्नायूचा गंभीर आजार असेल, फिट्स आटोक्यात नसतील किंवा आतड्याची हालचाल बंद पडत असेल, तर हे देत नाहीत. बहिणीला यातलं काही असेल तर आधी सांगा. कार्बामाझेपिन हे फिट्सवरचं औषध चालू असेल तर तेही. ताप आला, घसा दुखला, तर त्याच दिवशी रक्त तपासा. बद्धकोष्ठता अजिबात अंगावर काढू नका, ती जिवावर बेतते. आणि ती सिगारेट ओढत असेल तर डॉक्टरांना न सांगता एकदम सोडू देऊ नका, रक्तातलं औषधाचं प्रमाण वाढतं.

गोळ्यांचा डबा मात्र एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. आमच्याकडे आता तो माझ्याकडे असतो.