कोल्हापुरात पाळीव शॅमेलिऑनला परसातील झाडावर मोकळे सोडणे सुरक्षित आहे का?

आपला शॅमेलिऑन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, येमेनी जातीचा असून त्याला जास्वंदीवर मोकळे सोडायचे आहे, असे आपण लिहिले आहे. त्याची केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंद आधी करून घ्यावी. घोयरा सरडा, म्हणजे भारतातला शॅमेलिऑन, मात्र १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे पाळताच येत नाही.

झाड भिंतीपासून आणि शेजारच्या फांद्यांपासून सुटे असावे, नाहीतर हा संथ प्राणी डोळ्यांदेखत दिसेनासा होतो. कावळा, शिक्रा आणि झुडपात शिरून सरडे टिपणारा भारद्वाज यांना केवळ राखणीने थोपवता येत नाही, म्हणून संपूर्ण झाडाला वरूनही जाळी लावणे मला अनिवार्य वाटते. मांजरांचे तर सांगायलाच नको. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण पडला की आपण सर्रास औषध फवारतो. असे फवारलेले झाड त्याच्यासाठी निषिद्ध समजावे. बुंध्यावर मुंगळ्यांची रांग असेल, तर त्या दिवशी त्याला बाहेर काढू नये.

एप्रिल-मेमध्ये फक्त सकाळचे कोवळे ऊन द्यावे. रंग फिकट पडून तोंड उघडे राहिले, तर तो तापला आहे असे समजून त्याला लगेच सावलीत न्यावे आणि पानांवर पाणी शिंपडावे, कारण तो वाटीतले पाणी सहसा पीत नाही, पानांवरचे थेंब चाटतो. जुलैच्या झडीत त्याला घरातच ठेवावे.