'धार्मिक शिक्षण' की 'धर्मांचा अभ्यास'?

प्रश्न असा आहे : विद्यापीठात धर्म शिकवावा की नाही, या वादात कोणी 'धार्मिक शिक्षण' म्हणतं, कोणी 'धर्मांचा अभ्यास'. दोन्ही एकच ना?

नाही. अर्धा वाद तर या सरमिसळीमुळेच पेटतो. राज्यघटनेच्या २८व्या अनुच्छेदाप्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थेत 'धार्मिक शिक्षण' देता येत नाही. म्हणून तिथे धर्माचं नावच काढायचं नाही, असं मात्र नव्हे. अमृतसरच्या गुरू नानक विद्यापीठाच्या कायद्यात नानकांचं चरित्र आणि शिकवण यांच्या अभ्यासाची तरतूद होती. तिला आव्हान मिळालं तेव्हा, १९७१ साली, असा अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं.

ज्ञानेश्वरीचंच बघा. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत काढलेल्या वारकरी शिक्षण संस्थेत गळ्यात माळ घालून ओव्या पाठ करायच्या, पुढे कीर्तनाला उभं राहायचं. एम.ए. मराठीच्या वर्गात तीच ओवी येते ती राजवाडे प्रत (इतिहासकार वि. का. राजवाडे यांनी छापलेली जुनी प्रत) आणि रूढ प्रत यांतले पाठभेद, यादवकालीन शब्दरूपं घेऊन. तिथे विद्यार्थी नास्तिक असला तरी कोणाचं काही अडत नाही. आळंदीचं काम कमी मोलाचं अजिबात नाही. विद्यापीठाचं ते काम नव्हे, एवढंच. माझी कसोटी सोपी आहे : ग्रंथातलं म्हणणं नीट मांडून 'मला हे पटत नाही' असं लिहिणाऱ्याला पैकीच्या पैकी गुण मिळू शकत असतील, तर तो अभ्यास. ते विषय खुशाल असावेत, हवे तर सक्तीचेही.

गंमत म्हणजे 'अभ्यास' हा शब्दही मुळात इतका तटस्थ नाही. 'असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास तुका म्हणे' यातला अभ्यास म्हणजे सराव, साधना, 'योगाभ्यासा'तही तोच. आज मात्र 'अभ्यास' म्हटलं की वही-पुस्तकच डोळ्यांपुढे येतं, तेव्हा हा शब्द चालेल. फक्त 'धर्माचा' न म्हणता 'धर्मांचा' म्हणावं. एकवचनात 'कोणाच्या?' हा प्रश्न लगेच उभा राहतो.

आणि विषयाला 'धर्मशास्त्र' हे नाव कृपया देऊ नका. महामहोपाध्याय काणे यांनी ज्याचा पाच खंडांत इतिहास लिहिला ते धर्मशास्त्र म्हणजे आचार, व्यवहार (म्हणजे कायदा, न्यायनिवाडा), प्रायश्चित्त. त्यात वारसाहक्कही येतो.