बागप्रश्न: मासळीचा अर्क आणि समुद्री शेवाळ

गच्चीवर तीसेक कुंड्या आहेत. फिश अमिनोच्या (गुळात आंबवलेल्या मासळीच्या अर्काच्या) विकतच्या बाटल्या परवडत नाहीत. घरी करता येईल का? (वाचक, लातूर)

जरूर करा. मासळी बाजारात डोकी, आतडी, कल्ले, खवले टाकूनच दिले जातात. सकाळी विक्रेत्याकडे झाकणाचा डबा ठेवा, दुपारपर्यंत भरून मिळतो. रोहू, कटला, चिलापी, काहीही चालतं. गोड्या पाण्यातली मासळी आपल्या बागेला उलट बरीच, कारण तिच्यासोबत मीठ येत नाही.

१ किलो मासळीला १ किलो गूळ. गूळ काळपट घ्या. पिवळाधमक दिसण्यासाठी हायड्रॉस (रंग उजळवणारं रसायन) मारलेला नको, त्यातला सल्फाइटचा अंश आंबवण अडवू शकतो. मासळीचे दोन बोटांएवढे तुकडे करा. ५ लिटरच्या प्लास्टिक बरणीत तळाला किसलेला गूळ, वर मासळी, पुन्हा गूळ असे थर द्या आणि सगळ्यात वर गूळच येऊ द्या. बरणीचा वरचा तिसरा हिस्सा रिकामा हवा, कारण मिश्रण फुगतं. पाणी अजिबात घालू नका. पाण्यानं गूळ पातळ झाला की मासळी आंबायची सोडून सडायला लागते.

तोंडाला दुहेरी मलमल घट्ट बांधा, वर झाकण सैल ठेवा. मलमल ढिली राहिली की माशी अंडी घालते आणि चार दिवसांत अळ्या दिसतात. झाकण घट्ट फिरवलं तर वायू कोंडून बरणी फुटते. बरणी सावलीत ठेवा. आपल्या उन्हाळ्यात २०-२५ दिवस पुरतात, थंडीत ४० लागतात. मांस विरघळून काटे तळाशी बसले, रस काकवीच्या रंगाचा झाला आणि वास आंबट-गोड आला की अर्क तयार. वर पांढरी बुरशी आली तर लाकडी काडीनं ढवळा, बिघडत नाही. सडका वास आला तर गूळ कमी पडलाय, पाव किलो आणखी घाला.

वरचा तेलाचा तवंग काढून अर्क दोनदा गाळा, नाहीतर फवारणीचं नोझल तुंबतं. चोथा कुंडीत टाकू नका, मांजरं उकरतात. कंपोस्टच्या खड्ड्यात फूटभर खोल पुरा.

फवारणीला लिटरभर पाण्यात ३ मिलि, मुळाशी द्यायला ५ मिलि, पंधरा दिवसांतून एकदा, ऊन उतरल्यावर. लिटरभर अर्कात ३०० लिटरहून जास्त फवारा होतो आणि खर्च काय तो गुळाचाच. मात्रा वाढवली तर पानांच्या कडा करपतात, टोमॅटो-वांगी नुसतीच पाल्यावर जातात. मेथी-कोथिंबिरीवर फवारू नका, मुळाशीच द्या.

खारवलेल्या सुक्या मासळीचा चुरा चालेल का? (वाचक, परभणी)

नको. बोअरचं पाणी आधीच क्षारयुक्त, त्यात कुंडीतलं मीठ धुऊन जायला वाट नसते. मीठ न लावता नुसती उन्हात वाळवलेली सुकट चालेल, पण खत म्हणून ती महाग पडते.

समुद्री शेवाळाचं खत दिलं की दुसरं खत लागत नाही, असं दुकानदार सांगतात. खरं का? (वाचक, नांदेड)

नाही. शेवाळात नत्र आणि स्फुरद नगण्य असतं. त्यातली सायटोकायनिनसारखी वाढीची संप्रेरकं मुळं आणि फुटवा वाढवतात, उन्हाचा ताण सोसायला मदत करतात. पोट भरायला शेणखत, मासळीचा अर्क किंवा पेंड हवीच. खत नियंत्रण आदेशातही २०२१ पासून शेवाळ अर्क 'जैव-उत्तेजक' या वेगळ्या गटात आहे.

पातळ बाटलीत तुम्ही बरंचसं पाणी विकत घेता. विरघळणारी पावडर घ्या: अर्धा ते १ ग्रॅम लिटरला, पुनर्लागणीनंतर आणि कळी धरताना. १०० ग्रॅमचं पाकीट घरच्या बागेला वर्षभर पुरतं, फक्त ओल लागू देऊ नका, दगड होतो. तमिळनाडूच्या मंडपम भागात लागवड होणाऱ्या कप्पाफायकस या समुद्री शेवाळाचा देशी अर्कही चांगला. मासळीचा अर्क आंबट आणि शेवाळ पावडर बहुधा अल्कधर्मी, म्हणून दोन्ही एकत्र करण्याआधी पेलाभर पाण्यात मिसळून पाहा. गुठळ्या झाल्या तर आठवड्याच्या अंतरानं वेगवेगळं द्या.

घरात माळकरी मंडळी आहेत, मासळी दारात आणता येत नाही. (वाचक, अंबाजोगाई)

मग करडईची किंवा शेंगदाण्याची पेंड आहेच. १०० ग्रॅम पेंड लिटरभर पाण्यात तीन दिवस भिजवा, रोज ढवळा, गाळून दहापट पाणी घाला आणि मुळाशी द्या. नत्राच्या बाबतीत काही कमी पडणार नाही. जोडीला शेवाळ चालेल, ते प्राणिजन्य नाही.

परसातल्या मोसंबीची नवी पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या. शेवाळ फवारूनही फरक नाही. (वाचक, जालना)

ही लोहाची कमतरता आहे. आपल्या चुनखडीच्या जमिनीत लोह असतं, पण मुळांना मिळत नाही. शेवाळानं ते भरून येत नाही. लिटरभर पाण्यात आधी १ ग्रॅम लिंबूसत्त्व, मग ५ ग्रॅम फेरस सल्फेट विरघळवून नव्या पालवीवर संध्याकाळी फवारा, दहा दिवसांनी पुन्हा. मुळाशी द्यायचं तर ईडीडीएचए चिलेटेड लोहच (चुनखडीतही मुळांना मिळेल अशा रूपातलं लोह) घ्या. साधं फेरस सल्फेट चुनखडीत लगेच बांधलं जातं. फवारा त्याच दिवशी संपवा, तांबूस झालेलं द्रावण पानाला लागू पडत नाही.