म्युनिकच्या बोधचिन्हावर काळ्या झग्यातलं लहान मूल का आहे?

ते मूळचं मूल नाही, ख्रिस्ती भिक्षू आहे! शहराचं जर्मन नाव 'म्युन्शेन', म्हणजे 'भिक्षूंपाशी'. ११५८ च्या दस्तऐवजात हे नाव पहिल्यांदा येतं, आणि १२३९ च्या शिक्क्यावर भिक्षूचं डोकं दिसतं. म्हणजे नावच चित्रात उतरलंय. नंतर शतकानुशतकं चित्रकार त्याला कोवळा करत गेले आणि लोक त्याला लाडानं 'म्युन्शनर किंडल', म्हणजे म्युनिकचं बाळ म्हणू लागले. मला ही लोकांची माया फार भावते. काळ्या झग्याला सोनेरी काठ, पायांत लाल जोडे. डाव्या हातात लाल पुस्तक, उजवा हात वर उचललेला. आज ऑक्टोबरफेस्ट या म्युनिकच्या बिअर-उत्सवाच्या मिरवणुकीत हाच वेश घालून एक तरुणी घोड्यावर पुढे असते.